डाळ मिलच्या मेलखालचं कार्ड : थंडरबर्डमधल्या सिग्नेचरचं एक प्रकरण

लातूरची एक डाळ मिल, प्रायव्हेट लिमिटेड. तूर आणि हरभऱ्याची डाळ मराठवाड्यात खपतेच, पण मोठा माल चेन्नई आणि कोलकात्याकडे जातो. सौदा फोनवर ठरतो. भाव, पोत्यांची संख्या, गाडी नंबर आणि ई-वे बिल मात्र मेलवर जातं. कचेरीत चार संगणकांवर थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम आणि मालकांच्या लॅपटॉपवर क्लासिक, म्हणजे जुन्या धाटणीचं आउटलुक. छत्रपती संभाजीनगरला एक छोटी शाखा. जवळजवळ सगळ्यांच्या मेलखाली एकच सिग्नेचर (मेलखाली आपोआप लागणारा नाव-पत्त्याचा मजकूर) होती, डीटीपीवाल्याकडून करून घेतलेल्या व्हिजिटिंग कार्डाची जेपीजी, आणि त्याखाली शेतकऱ्यांविषयीची एक मराठी ओळ.

तक्रारी एकदम आल्या नाहीत, हळूहळू साचत गेल्या. चेन्नईच्या दलालाचं म्हणणं, तुमच्या प्रत्येक मेलला क्लिप (जोडलेल्या फाइलची खूण) दिसते, मग इनव्हॉइस नेमकं कुठल्या मेलला आहे ते शोधायचं कसं? फोनवर मेल वाचणाऱ्यांना नंबरावर बोट ठेवून फोन लावता येत नव्हता. मराठी ओळीच्या जागी काही ठिकाणी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उमटत होता. हिशेब विभागाची तक्रार सगळ्यांत विचित्र होती : त्यांच्या मेलला काही व्यापाऱ्यांचं उत्तर आलं, की खालचा जुना पत्रव्यवहार गायब झालेला असायचा. कचेरीतून याला ठरलेलं उत्तर होतं, ‘आमच्याकडं तर बरोबर दिसायलंय की.’

ते खोटं नव्हतं. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर सगळं ठीकच दिसतं, कारण फॉन्ट त्याच्याच संगणकात, चित्र त्याच्याच डिस्कवर. म्हणून सिग्नेचर तपासायची तर ‘सेंट’ फोल्डर उघडून उपयोग नाही, ती मिळणाऱ्याच्या बाजूने पाहावी लागते.

कार्डाची जेपीजी का चालत नाही

साडेतीन बाय दोन इंचाचं कार्ड छपाईसाठी ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून काढलं, की चित्र १०५० बाय ६०० पिक्सेलचं होतं. छापायला ते उत्तम. मेलमध्ये मात्र ते अर्धा पडदा खातं आणि फोनवर आक्रसून आलं, की त्यातला पत्ता वाचता येत नाही. इथली जेपीजी साधारण ६०० केबीची होती. मेलमधून चित्र जाताना ते बेस-६४ पद्धतीने अक्षरांत बदलतं. तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणजे वजन एक तृतीयांशाने वाढतं : ६०० केबीचे ८०० केबी. ‘गाडी निघाली’ एवढ्या दोन शब्दांच्या मेलला ८०० केबीचं ओझं. सौदा दहा मेलांवर गेला की पुढचं गणित करायला नको.

त्याहून वाईट म्हणजे त्यातला मजकूर निवडता येत नाही. कंपनी कायदा २०१३च्या कलम १२ प्रमाणे कंपनीच्या व्यावसायिक पत्रांवर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक), फोन, ईमेल आणि असेल तर वेबसाइट द्यावी लागते. सौद्याची मेल हे व्यावसायिक पत्रच धरून चालणं शहाणपणाचं. सीआयएन २१ अक्षर-अंकांचा. तो चित्रात अडकला, की कॉपी करून पडताळणार कसा? या कार्डावर शाखेचा पत्ता अजून ‘औरंगाबाद’ होता. शहराचं नाव २०२३मध्ये अधिकृतपणे बदललं, पण कार्डाची मूळ कोरलड्रॉ फाइल डीटीपीवाल्याकडे. दर वेळी एक शब्द बदलायला त्याच्या दुकानात खेटे घालायचे म्हणून तो तसाच राहिला. मजकूर मजकुरासारखा लिहिला असता तर दोन मिनिटांचं काम होतं.

क्लिपेचं कारण निम्मं या चित्रात होतं आणि निम्मं दुसरीकडेच. थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये सिग्नेचरच्या चौकटीजवळच ‘अटॅच माय व्हीकार्ड टू मेसेजेस’ अशी खूण असते. तिचा सिग्नेचरशी संबंध आहे असं वाटून कुणीतरी ती टिचकवली होती. त्यामुळे प्रत्येक मेलला संपर्काची एक वेगळी फाइल जोडून जात होती. खूण काढली, निम्मी तक्रार संपली.

मराठी ओळ

ती ओळ जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला कोड देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमधल्या वर्ड फाइलमधून उचललेली होती. अशा फॉन्टमध्ये आत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचेच कोड असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फॉन्ट नाही त्या संगणकावर मूळ कोड उघडे पडतात. मराठवाड्यातल्या बहुतेक कचेऱ्यांत लेटरहेड, कोटेशन, दरपत्रक असं सगळं याच फॉन्टांत साठलेलं आहे, त्यामुळे ही चूक इथे वरचेवर दिसते. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण एका ओळीसाठी त्यांच्या नादी लागू नये. ओळ युनिकोडमध्ये नव्याने टाइप करावी.

टाइप करताना एक जागा हमखास फसते : ‘शेतकऱ्यांच्या’. साधा र, हलन्त आणि य असं टाइप केलं, की ‘शेतकर्यांच्या’ उमटतं, रफार डोक्यावर चढतो. इथे ऱ हे वेगळं अक्षर लागतं. इनस्क्रिप्ट कळफलकावर ते शिफ्ट आणि जे दाबून मिळतं. चार संगणकांवर चौघांनी ही ओळ आपापली टाइप केली असती तर चार तऱ्हा झाल्या असत्या. म्हणून ती एकदाच टाइप करून, तपासून, मग वाटली.

फॉन्टचं नाव द्यायचं तर ‘निर्मला यूआय’ आधी, ‘मंगल’ त्यामागे, आणि शेवटी नुसतं सॅन्स-सेरिफ. विंडोज ८पासून निर्मला यूआय सोबत येतो. विंडोज १०मध्ये मंगल हा पर्यायी फॉन्टांत गेला आहे, तो असेलच असं नाही. अँड्रॉइड आणि आयफोन आपापला देवनागरी फॉन्ट लावतात. त्यांना लावू द्यावा. ओळींतलं अंतर मात्र ‘एक्झॅक्टली’ने बांधू नये. तसं केलं की आउटलुकमध्ये मात्रा आणि रफार वरून कापले जातात.

काय ठेवलं, काय काढलं

चर्चा खरी इथे झाली, कारण प्रत्येकाला काहीतरी घालायचं होतं. शेवटी विक्रीची सिग्नेचर अशी ठरली :

नाव, हुद्दा
कंपनीचं पूर्ण नाव
नोंदणीकृत कार्यालय : लातूर, पिनसह पूर्ण पत्ता
मोबाइल | कार्यालय | वेबसाइट
सीआयएन
मराठी ओळ

पत्ता रोमन लिपीत, आकडेही इंग्रजी, कारण वाचणारा चेन्नईचा आहे. एक ओळ मराठीत, कारण मिल लातूरची आहे. शाखेचा पत्ता फक्त शाखेच्या सिग्नेचरमध्ये. ‘छत्रपती संभाजीनगर’ रोमन लिपीत मधली जागा धरून २५ अक्षरांचं होतं. ते आणि पिन एका ओळीवर ठेवून मोबाइल पुढच्या ओळीत घ्यावा, म्हणजे फोनवर नंबर मध्येच तुटत नाही.

हिशेब विभागाला बँकेचा खाते क्रमांक आणि आयएफएससी सिग्नेचरमध्ये हवा होता. तो ठेवला नाही. मेल खातं एखाद्याच्या हाती लागलं तर तो नेमकी हीच जागा बदलतो, आणि रोज तीच चौकट पाहून सरावलेल्या गिऱ्हाइकाच्या नजरेला बदललेला आकडा खुपत नाही. खात्याचा तपशील इनव्हॉइसवर असावा आणि बदल झाला तर फोन करून सांगावा. पंधरा अक्षरी जीएसटीआयएन आणि चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक हेही इनव्हॉइसवर असतातच, मेलखाली त्यांची गर्दी कशाला. ‘हा ईमेल गोपनीय आहे’ छापाचा परिच्छेद मालकांना हवा होता. ‘गाडी निघाली’ या मजकुराखाली आठ ओळींचा कायदेशीर इशारा शोभत नाही, हे त्यांनाही पटलं.

लोगोपुरतं चित्र राहिलं. दिसण्याची रुंदी ११० पिक्सेल, फाइल २२० पिक्सेलची, म्हणजे दाट पिक्सेलच्या पडद्यावरही रेषा फाटत नाहीत. पीएनजी, वजन १५ केबीच्या आत. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवली नाही : लोगोतली अक्षरं काळी होती, आणि फोन डार्क मोडवर असला की काळ्यावर काळं काही दिसत नाही. चारी बाजूंनी थोडी पांढरी कड ठेवली.

थंडरबर्डमध्ये बसवणं

एचटीएमएल हाताने लिहायची गरज नाही. आधी अकाउंट सेटिंग्जमध्ये जाऊन जुनी सिग्नेचर पूर्ण काढावी. हे विसरलं, की नवी सिग्नेचर तयार करताना जुनीही खाली येऊन बसते आणि दोन्ही एकाच फाइलमध्ये जातात. मग नवीन मेलची खिडकी उघडायची आणि मजकूर कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरून चिकटवायचा. वर्डमधून थेट चिकटवलं तर न दिसणाऱ्या फॉरमॅटिंगचा पालापाचोळा सोबत येतो. अक्षराचा आकार, ठळकपणा, वेबसाइटची लिंक इथेच लावावी. लोगो इन्सर्ट मेनूतून घालावा, पर्यायी मजकुराच्या जागी कंपनीचं नाव लिहावं, चित्र संदेशाला जोडण्याची खूण असू द्यावी आणि डायमेन्शन्सच्या पानावर रुंदी ११० करावी.

झालं, की ऑल्ट दाबून मेनूपट्टी आणायची आणि फाइल, सेव्ह ॲज, फाइल असं करून एचटीएमएल म्हणून साठवायचं. जागा अशी निवडावी, जिथून फाइल हलणार नाही. इथे सी ड्राइव्हवर ‘मेल-सिग्नेचर’ नावाचा फोल्डर केला. डेस्कटॉपवर ठेवली, की साफसफाईत जाते. पेनड्राइव्हवर ठेवली, की पेनड्राइव्हबरोबर जाते. कचेरीच्या एका संगणकावर ठेवून बाकीच्यांनी नेटवर्कवरून घ्यावी हा विचार चांगला वाटतो, पण लाइट गेली किंवा तो संगणक बंद राहिला की बाकीच्यांच्या मेल बिनसिग्नेचरच्या जातात. शिवाय थंडरबर्ड काही कुरकुर करत नाही. फाइल सापडली नाही तर मुकाट्याने पुढे जातं. म्हणून प्रत्येक संगणकावर स्वतंत्र प्रत.

मग अकाउंट सेटिंग्ज, डावीकडे खात्याच्या नावावर क्लिक, आणि ‘अटॅच द सिग्नेचर फ्रॉम अ फाइल इन्स्टेड’ला खूण करून ती फाइल दाखवायची. ही खूण असली, की वरच्या चौकटीत काय लिहिलंय त्याकडे थंडरबर्ड पाहत नाही. ‘मी चौकटीत बदल केला, पण मेलमध्ये जुनाच नंबर जातोय’ या गाऱ्हाण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

फाइल न करता चौकटीतच लिहायचं असेल तर ‘यूज एचटीएमएल’ या खुणेचा अर्थ नीट समजून घ्यावा. खूण नसताना टॅग लिहिले तर ते टॅगच्या टॅग मेलमध्ये छापले जातात. खूण असताना साधा मजकूर लिहिला तर सगळ्या ओळी एकमेकींना चिकटून एक लांबलचक ओळ होते, कारण एचटीएमएलमध्ये एंटर मोजला जात नाही, प्रत्येक ओळीअखेर बीआर टॅग लागतो. फाइल नोटपॅडमध्ये उघडून दुरुस्त करत असाल तर साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) आहे ना हे पाहावं. विंडोज १०च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून तेच धरतं. त्याआधीच्या नोटपॅडचा कल एएनएसआय या जुन्या एन्कोडिंगकडे असे, आणि त्यात साठवलेली मराठी प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसते. ती परत मिळत नाही, पुन्हा टाइप करावी लागते.

नवी सिग्नेचर लावल्यावर ती फक्त नव्या खिडकीत येते. आधी उघडलेली मेल, ड्राफ्टमध्ये पडलेले मसुदे, साठवलेले टेम्प्लेट यांत जुनीच राहते. या मिलमध्ये दरपत्रकाचं टेम्प्लेट होतं. कार्डाची जेपीजी त्यातून पुढेही जात राहिली, ते नंतर लक्षात आलं.

उत्तरातली सिग्नेचर, आणि गायब होणारा पत्रव्यवहार

कंपोझिशन ॲण्ड ॲड्रेसिंग या पानावर तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. उत्तर मूळ मजकुराच्या वर सुरू व्हावं की खाली. सिग्नेचर आपल्या उत्तराखाली लागावी की सगळ्या जुन्या मजकुराच्या तळाशी. आणि उत्तरांत व पुढे पाठवलेल्या मेलांत ती लागावी की नाही. थंडरबर्ड तळाची जागा सुचवतं. व्यापारी पत्रव्यवहारात ती जागा निरुपयोगी आहे, दहा मेलांच्या खाली कोण पाहणार? इथे उत्तर वर आणि सिग्नेचर उत्तराखाली असं ठेवलं.

हिशेब विभागाचं कोडं इथेच सुटलं. सिग्नेचरच्या आधी दोन आडव्या रेघा आणि एक मोकळी जागा असलेली ओळ टाकण्याचा मेलचा जुना संकेत आहे. आरएफसी ३६७६ या इंटरनेटच्या नियमांच्या २००४च्या दस्तऐवजातही त्याचा उल्लेख आहे. थंडरबर्ड ती ओळ आपणच घालतं, आणि उत्तर देताना समोरच्याच्या मेलमधला त्या ओळीखालचा भाग सिग्नेचर समजून गाळतं. सिग्नेचर जुन्या मजकुराच्या वर ठेवली असेल तर उत्तरांमध्ये थंडरबर्ड ही ओळ घालत नाही, नाहीतर खालचा सगळा पत्रव्यवहार सिग्नेचरमध्येच मोडला असता. हिशेब विभागाच्या संगणकावर तेव्हा मेल साध्या मजकुरात, चित्राशिवाय जात होत्या आणि कुणीतरी ‘नीटनेटकं दिसावं’ म्हणून सिग्नेचरच्या चौकटीत ही ओळ हाताने टाइप केली होती. नव्या मेलमध्ये त्याने काही बिघडत नव्हतं. उत्तरात मात्र ती जुन्या मजकुराच्या वर यायची. आणि ज्या व्यापाऱ्यांकडे थंडरबर्ड होतं त्यांच्या उत्तरातून तिच्याखालचं सगळं छाटलं जायचं. हाताने टाइप केलेली ओळ पुसली आणि छाटणी थांबली.

विक्रीच्या संगणकावर एकाच खात्यातून दोन पत्ते चालतात, विक्रीचा आणि मालरवानगीचा. त्यासाठी ‘मॅनेज आयडेंटिटीज’मध्ये दुसरी आयडेंटिटी जोडून तिला तिची सिग्नेचर दिली. मेल लिहिताना ‘फ्रॉम’मध्ये पत्ता बदलला, की सिग्नेचर आपोआप बदलते. दुसरा पत्ता मेल सेवा देणाऱ्याकडे मंजूर असला पाहिजे, हे वेगळं सांगायला नको. सांगायचं ते असं, की वर-खाली आणि उत्तरांतल्या सिग्नेचरच्या निवडी प्रत्येक आयडेंटिटीला वेगळ्या असतात. पहिलीला लावल्या म्हणजे दुसरीला लागल्या असं नाही. रवानगीच्या मेल काही दिवस तळाशी सिग्नेचर घेऊन गेल्या त्या यामुळेच.

मालकांचं आउटलुक

फाइल, ऑप्शन्स, मेल, सिग्नेचर्स. नव्या मेलसाठी आणि उत्तरांसाठी वेगवेगळी सिग्नेचर निवडता येते. उत्तरांसाठी लोगो नसलेली, नाव-मोबाइलची दोन ओळींची ठेवली. क्लासिक आउटलुक मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं, त्यामुळे चित्राचा डीपीआय इथे आडवा येतो. लोगो ९६ डीपीआयला साठवून मगच घालावा, नाहीतर ठरवलेला आकार पाळला जात नाही. प्रत्येक सिग्नेचरच्या तीन फाइली बनतात : एचटीएम, आरटीएफ आणि टीएक्सटी, ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरातल्या मायक्रोसॉफ्ट, सिग्नेचर्स या ठिकाणी. साध्या मजकुराच्या मेलला उत्तर देताना टीएक्सटी कामाला येते. तीही उघडून पाहावी, टेबलात मांडलेला मजकूर तिथे विस्कटलेला असतो. पुढे नवं आउटलुक घेतलं तर हा फोल्डर उपयोगी पडणार नाही, तिथे सिग्नेचर खात्याबरोबर साठते.

फोनवरच्या मेल ॲपची सिग्नेचर निराळी. आयमॅपने (सर्व्हरवरच्या मेल प्रत्येक यंत्रावर दाखवणारी पद्धत) मेल सगळीकडे सारख्या दिसतात म्हणून सिग्नेचरही सारखी येईल असं वाटतं, पण आयमॅप ती नेत नाही. जीमेलच्या वेब पानावर लावलेली सिग्नेचर थंडरबर्डला ठाऊकही नसते. मुनीमकाकांच्या फोनवर ‘सेंट फ्रॉम माय’ छापाची ओळ जात होती, ती काढून नुसतं नाव आणि नंबर ठेवला.

तपासणी

प्रत्येक संगणकावरून तीन मेल केल्या : एक नवी, एक उत्तर, एक पुढे पाठवलेली. त्या जीमेलच्या वेब पानावर, आउटलुकवर आणि अँड्रॉइड फोनवर उघडल्या. फोनवर डार्क मोड चालू करून एकदा आणि बंद करून एकदा. थंडरबर्डमध्ये आलेल्या मेलवर कंट्रोल-यू दाबलं, की मूळ रूप दिसतं. त्यात व्हीकार्डाची फाइल जोडलेली नाही आणि चित्र एकच आहे, हे पाहून घेतलं. यादीत ‘साइज’चा रकाना चालू केला. ‘गाडी निघाली’ची मेल आता ८०० केबीवरून ३० केबीच्या आत आली.

थंडरबर्डचं प्रोफाइल नव्या संगणकावर नेताना चौकटीतली सिग्नेचर सोबत येते. फाइलची येत नाही, फक्त तिचा पत्ता येतो. म्हणून सी ड्राइव्हवरचा तो फोल्डर त्याच ठिकाणी, त्याच नावाने आधी करून घ्यावा.

एक गोष्ट पूर्ण सुटली नाही. काही मेल प्रोग्राम मेलच्या आतलं चित्रही जोडलेली फाइल म्हणून दाखवतात, आणि चेन्नईच्या दलालाकडचा प्रोग्राम त्यातलाच निघाला. त्यामुळे हिशेब विभागाच्या सिग्नेचरमधून लोगो काढूनच टाकला. आता त्या विभागाच्या मेलला क्लिप दिसली, की आत इनव्हॉइस असतं.